दोन गावांचा रविवार

मास्तरकी करणाऱ्या माणसाचे आयुष्य घंटेवर चालते. घंटा झाली की वर्गात शिरावयाचे, आणि पुन्हा घंटा झाली की केशवसुत असोत वा मर्ढेकर, त्यांना ओळीच्या मध्यावर सोडून बाहेर पडावयाचे. नांदेडच्या एका महाविद्यालयात गेली वीस वर्षे मी हे करीत आलो आहे. आमच्या घरची मंडळी म्हणतात की, मी जेवणाच्या पानावरही अठ्ठेचाळीस मिनिटे बोलतो आणि मग आपोआप थांबतो. ही थट्टा सोडून द्या. पण घंटेत एक मोठे सुख आहे हे खरे. काम संपले, हे बाहेरून कुणीतरी सांगते. आपले आपल्याला ते कधीच कळत नसते. ही गोष्ट मला वीस वर्षे घंटेखाली काढूनही उमगली नव्हती. ती उमगली माझ्या भाचीमुळे. तिच्या कामाला घंटाच नव्हती.

भाची लातूरची, माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची मुलगी. दाजींचे गंजगोलाईत कापडाचे लहानसे दुकान आहे. बारावीनंतर ती नांदेडला आमच्याकडे राहिली, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि लातूरला परत जाऊन एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. लातूर हे गाव पूर्वी तूर-हरभऱ्याच्या मोंढ्यासाठी ओळखले जाई. आता तिथे गुणांचाही मोंढा भरतो. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी सरावाची जी शिस्त पाडली तिला 'लातूर पॅटर्न' हे नाव पडले, आणि तिच्या मागोमाग क्लासेसची एक पेठच उभी राहिली. 'नीट'च्या परीक्षेत 180 प्रश्न, त्यांतले निम्मे जीवशास्त्राचे. 720 गुणांपैकी 360 एकट्या त्या विषयाचे. तेव्हा जीवशास्त्राच्या चांगल्या शिक्षिकेला लातुरात जो मान आहे, तो आम्हा मराठीच्या मास्तरांनी दुरूनच पाहावा.

पण मुलीला पुढे शिकावयाचे होते. 2024 साली तिला जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. तिथे शिकवणीचे शुल्क जवळजवळ नाहीच. सत्राला काही वर्गणी भरली की झाले. मात्र राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. एका वर्षाचे 11,904 युरो तिथल्या खात्यात अडकवून ठेवावयाचे, आणि त्यांतून महिन्याला 992 युरो काय ते हाती यावयाचे. युरोचा भाव शंभर रुपयांच्या घरात धरला तरी ही रक्कम बारा लाखांजवळ जाते. दाजींनी घराचे कागद बँकेत ठेवले. जामीनदार म्हणून मी सही केली. सही करताना हात कापला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. आणि ही सोय एका वर्षाची. दुसऱ्या वर्षाचे काय, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता. कुणी तो तोंडावर आणीत नव्हते.

अशा वेळी क्लासच्या संचालकांनी स्वतःच तोड काढली. म्हणाले, "मॅडम, तुम्ही खुशाल जा, पण क्लास सोडू नका. पेपर तिथून काढा, पोरांच्या शंका तिथून सोडवा. महिन्याला तीस हजार देतो."

आमच्या घरात दिवाळीच्या आधी दिवाळी झाली. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे पुष्कळ पाहिले होते. ही तर लष्करात राहून घरच्या भाकऱ्या भाजणार! अक्काने गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर ही बातमी पोचवली. "शिकायला जर्मनीत अन् नोकरी लातुरात," हे वाक्य मीही स्टाफरूममध्ये इतक्या वेळा म्हटले की, आमचे इतिहासाचे प्राध्यापक माझ्या आधी ते पुरे करू लागले.

त्यांच्यावर ताण करावी म्हणून मी दाखले शोधले, आणि शोधता शोधता खरोखरच रमलो. 1906 साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेलेले सावरकर तिथून 'विहारी' आणि 'काळ' या पत्रांसाठी बातमीपत्रे लिहीत होते. म्हणजे अभ्यास ग्रेज इनमध्ये आणि लेखणी मुंबई-पुण्याची. बाबासाहेब आंबेडकरांचा मार्ग निराळा. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग 1918 च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांची आणि एका पारशी मित्राची मदत घेतली, आणि 1920 मध्ये राजीनामा देऊन पुन्हा लंडन गाठले. त्याच वर्षी 31 जानेवारीला सुरू केलेले 'मूकनायक' त्यांना इतरांच्या हाती सोपवून जावे लागले. आधी कमाई, मग शिक्षण. दोन्ही एका वेळी नाही.

आणि आमच्या भाचीचे गाव तर मराठी माणसाला अगदीच परके नव्हते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे फ्रान्झ कीलहॉर्न 1882 मध्ये ग्योटिंगेनला प्राध्यापक म्हणून गेले आणि 1908 मध्ये वारले ते तिथेच. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना 1885 साली सन्माननीय डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. कीलहॉर्न जर्मनीला गेले, पण काम भारताचेच करीत राहिले. इकडच्या शिलालेखांचे आणि ताम्रपटांचे ठसे टपालाने तिकडे जावयाचे. ते वाचून, उलगडून, त्यांचे लेख 'एपिग्राफिया इंडिका'साठी परत इकडे यावयाचे. "बघा," मी म्हणालो, "ग्योटिंगेनमध्ये बसून इकडचे काम करण्याची परंपरा सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे!"

एक गोष्ट मात्र त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही. टपाल आगबोटीने जात होते. कीलहॉर्नांनी एखादे अक्षर चुकीचे वाचले, तरी मुंबईहून त्याची तक्रार पोचावयाला दोन-तीन आठवडे लागत. तेवढे दिवस पंडितजी निवांत झोपत. अंतर ही केवळ अडचण नव्हती. ते एक कुंपणही होते.

ते कुंपण आता राहिलेले नाही, हे मला एका रविवारी सकाळी कळले.

दर रविवारी आठच्या सुमारास सगळ्या नातेवाइकांना सुप्रभातीचे चित्र पाठवण्याची मला सवय आहे. एक सूर्य, एक कमळ आणि एक सुविचार. ही सवय हास्यास्पद आहे हे मला ठाऊक आहे. पण आमच्या वयाची निम्मी माणसे ती बाळगून आहेत. 2025 च्या मार्चमधली गोष्ट. मी चित्र पाठवले आणि भाचीच्या नावापुढे दोन निळ्या खुणा ताबडतोब उमटल्या. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. मी बोटांवर हिशेब केला. तिथे पहाटेचे साडेतीन वाजले होते. मी फोन लावला.

"जागी कशी ग तू?"

"पेपर आहे ना मामा आज. आठला सुटला मोबाइलवर. पोरं सोडवायलेत."

"पोरं सोडवायलेत, मग तू कशाला जागी?"

"एखादा पर्याय चुकला, एखादी आकृती उघडली नाही, की लगेच फोन येतोय. चारशे पोरं आहेत ऑनलाइनला. अन् त्यांचे मायबाप वेगळे."

"अन् बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस रात्री नऊनंतर शंका. म्हणजे तुमची रात्र. इथं साडेचार वाजलेले असतात, प्रॅक्टिकल चालू असतंय. मी मधेमधे बाहेर येऊन बघते."

मग ती जरा वेळ बोलली नाही. मलाही काही सुचेना.

"मामा, आईला सांगू नका. एक विषय राहिलाय माझा."

आमच्याकडे 'विषय राहिला' या दोन शब्दांत पुष्कळ काही असते. लातूरच्या मुलीच्या तोंडी ते शब्द मी प्रथमच ऐकले. काहीतरी दुसरे बोलावे म्हणून विचारले, "बरं, चौकातली ती हंसवाली पाहिलीस का?" ग्योटिंगेनच्या बाजारचौकात हंस राखणाऱ्या मुलीचा एक पुतळा आहे, कारंज्यावर उभा केलेला, 1901 सालचा. तिचे काय प्रसिद्ध आहे ते पुढे सांगेन. मुलगी गेली त्याच महिन्यात मी तिला तो पाहून यावयास सांगितले होते.

"जायचंय मामा," ती म्हणाली. खोलीपासून तो चौक पायी वीस मिनिटांवर. पाच महिने झाले होते.

त्या दिवशी दुपारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. महिन्याचे तीस हजार म्हणजे सुमारे तीनशे युरो. तासांचा हिशेब मांडला तर पेपर काढणे, तपासणे, शंका, जागरण सगळे मिळून महिन्याला सत्तर तासांच्या खाली काही नव्हते. म्हणजे तासाला सव्वाचारशे रुपये. लातूरच्या मानाने हा भाव उत्तम. पण ती राहत होती जर्मनीत. तिथे कायद्याने ठरवलेले किमान वेतनच 2025 साली ताशी 12.82 युरो होते. म्हणजे ताटल्या विसळणाऱ्यालाही तासाला बाराशेहून अधिक रुपये. पूर्वी लोक परदेशी कमवीत आणि घरी मनीऑर्डर करीत. हिची मनीऑर्डर उलट्या दिशेने चालली होती: रुपयांत कमवावयाचे आणि युरोंत खर्चावयाचे. विहिरीचे पाणी घागरीने काढून रांजणात टाकण्याऐवजी ती रांजणातले पाणी वाटीने विहिरीत ओतीत होती.

"मग तिथलंच एखादं काम का करीत नाहीस?" मी पुढच्या फोनवर विचारले.

"विद्यापीठाच्या खानावळीत आहे की. ताटं गोळा करायची, भांडी लावायची. मैत्रिणी करतात."

आणि मी, वाचकहो, पटकन म्हणून गेलो, "छे, छे! भांडी घासायला का तुला एवढ्या लांब धाडलं?"

हे बोलणारा मी कोण? दर वर्षी 22 सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला 'कमवा आणि शिका' या विषयावर आमच्या महाविद्यालयात भाषण करणारा मनुष्य. श्रमाची प्रतिष्ठा हा माझा हातखंडा विषय आहे. आमच्याच महाविद्यालयात कमवा व शिका योजनेतली मुले बागेत पाणी घालतात, ग्रंथालयातली धूळ झटकतात; त्यांच्या पाठीवर हात ठेवून मी फोटोही काढून घेतले आहेत. पण ती दुसऱ्यांची मुले.

फोनवर ती हळूच म्हणाली, "तेच की मामा. लातूरला मी मॅडम आहे. इथं कुणीच नाही." तीनशे युरोंसाठी ती रात्री जागवीत नव्हती. 'मॅडम' या एका शब्दासाठी जागवीत होती. आणि तो शब्द तिच्याइतकाच आम्हालाही हवा होता.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, 4 तारखेला, 'नीट' झाली. त्यानंतर मी सुट्टी पाहून लातूरला निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी. लातुरात शिरली तेव्हा ऊन मी म्हणत होते. संध्याकाळी ट्यूशन एरियात गेलो. परीक्षा झालेली, तरी रस्ता मुलांनी फुललेला. पाठीवर दप्तर, हातात मेसचा डबा. कुणी परभणीचे, कुणी बीडचे, कुणी आमच्या नांदेडचे. सतरा वर्षांची मुले घर सोडून आलेली. त्यांचाही रविवार परीक्षेचाच.

संचालकांना भेटलो. माणूस वाईट नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. पगार एक तारखेला देत. चहा मागवला, भाचीची तोंड भरून स्तुती केली. मी रविवारचा विषय काढला तेव्हा ते हसले.

"सर, तुम्ही मास्तर, मीही मास्तर. वीस वर्षांत मला माझा रविवार दिसला नाही बघा. नीटची परीक्षाच रविवारी असते. सराव मंगळवारी घेऊन कसं चालेल?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी तिला पहाटे उठवले नव्हते. उठवीत होती ती चारशे मुले आणि त्यांचे आईबाप, आणि त्या साऱ्यांच्या लेखी लातुरात आठच वाजलेले होते. कुणाचाही दोष नसताना एका मुलीची झोप जात होती. असा दोष सापडणे मोठे कठीण.

परतीच्या गाडीत मला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना आठवड्याची सुट्टी नसे. जोतीरावांचे सहकारी असलेल्या या सत्यशोधकाने 1884 पासून मजुरांच्या सभा भरवून, अर्ज करून, मालकांशी झगडून रविवारची सुट्टी मिळवली. 10 जून 1890 ही तिची तारीख. आज आपण रविवारी उशिरा उठतो, दुपारी पुन्हा आडवे होतो, तो त्यांच्या सहा वर्षांच्या झगड्याचा प्रसाद आहे. जर्मनीत तर रविवार घटनेने राखलेला आहे. 1919 च्या त्यांच्या घटनेतले कलम 1949 च्या घटनेत जसेच्या तसे ठेवले. त्या दिवशी दुकाने बंद. आमची मुलगी अशा देशात राहत होती की जिथे रविवारला घटनेचे संरक्षण आहे, आणि अशा राज्याची कन्या होती की जिथे लोखंड्यांनी रविवार मिळवला. तरीही तिला दोन्हीकडचा रविवार नव्हता. कारण लोखंड्यांची गिरणी एका जागी उभी होती. तिचे फाटक बंद करता येत होते. हिची गिरणी हिच्या उशाशी होती.

कायद्याचीही एक बाजू निघाली. ती थोडक्यात सांगतो, कारण यंदा पुष्कळ घरांतून मुले बाहेर गेली आहेत. घरच्या मालकाचे काम घरच्या पैशांत केले की तिथल्या सरकारचा काय संबंध, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नसते. माणूस बसतो कुठे, हे सरकार पाहते. पैसा कुठून येतो, हे नंतर. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला 2024 च्या मार्चपासून वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस नोकरी करता येते. पण नोकरी निराळी आणि मानधनावरचे स्वतंत्र काम निराळे. भाचीला क्लास मानधनाच्या पावतीवर पैसे देत होता. म्हणजे तिथल्या कायद्याने ती स्वतंत्र व्यवसाय करणारी ठरली, आणि त्याला परकीय नागरिकांच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला स्वतंत्र व्यवसाय मुळीच करता येत नाही, आणि पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात जे आठवड्याचे 20 तास मिळतात त्यांत मायदेशातल्या मालकाचे कामही मोजले जाते. कॅनडात उलट, 2024 च्या नोव्हेंबरपासून तिथे महाविद्यालयाबाहेरच्या कामाला आठवड्याचे 24 तास आहेत, आणि देशाबाहेरच्या मालकाचे दुरून केलेले काम त्यांत धरीत नाहीत. करांचे नियमही असेच देशोदेशी निराळे. तात्पर्य एवढेच की, आधी विद्यापीठाच्या कार्यालयात विचारावे आणि मग काम धरावे. आमच्या मुलीने काम धरून मग विचारले. सुदैवाने ऐकून घेणारे माणूस भेटले. तिने अर्ज केला, लातूरहून कामाचे स्वरूप आणि तास लिहिलेले पत्र मागवले, आणि परवानगी मिळेपर्यंत लातूरचे काम बंद ठेवले.

ते पत्र लिहून देताना संचालकांना प्रथमच तास मोजावे लागले. मला वाटते, सगळ्या प्रकरणात खरे औषध हेच ठरले. तोवर काम 'थोडंफार बघत जा मॅडम' एवढ्यावर चालले होते. कागदावर लिहावयाचे म्हटल्यावर वार आला, वेळ आली, शेवट आला. बुधवार आणि शुक्रवार, तिथली संध्याकाळ, दोन-दोन तास, रविवार नाही. पैसे अर्थातच कमी झाले. रविवारचा पेपर लातुरातलाच एक तरुण शिक्षक पाहू लागला.

उरलेल्या पैशांसाठी तिने खानावळीत काम धरले. आईला तिने स्वतःच सांगितले. राहिलेल्या विषयाचेही आणि ताटांचेही. अक्का दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला फोन केला. "विद्यापीठातच आहे ना रे ती खानावळ?"

"विद्यापीठातच."

"मग विद्यापीठात नोकरीला लागली म्हणून सांगते मी. खोटं नाही ना?"

मी म्हटले, "अजिबात नाही."

पण खानावळीने जे दिले ते आमच्यापैकी कुणाच्याच हिशेबात नव्हते. सहा-सात महिने जर्मनीत राहून मुलीला दुकानात पाव मागण्यापलीकडे जर्मन येत नव्हते. शिकणे इंग्रजीत, नोकरी मराठीत, बोलणार कुणाशी? आता ताटे लावताना शेजारची पन्नाशीची बाई तिच्याशी बोलते, चुकीचा शब्द वापरला की हसते आणि बरोबर शब्द सांगते. त्या बाईच्या गुडघ्याचे दुखणे, तिच्या मुलाची नोकरी, गावातले कोणते दुकान महाग आणि कोणते स्वस्त, हे सारे आता आमच्या भाचीला ठाऊक झाले आहे. परदेश म्हणजे काही विद्यापीठाची इमारत नव्हे. लातूरचे काम तिला जपत होते, तिला एकटे पडू देत नव्हते, हे खरे. पण त्याच वेळी ते तिला त्या गावात शिरूही देत नव्हते. तिला लातूरच्या पुढच्या चार रविवारांचे वेळापत्रक तोंडपाठ होते, आणि आपल्या गल्लीच्या टोकाला काय आहे ते माहीत नव्हते. राहिलेला विषय तिने उन्हाळ्यात सोडवला. त्याचे श्रेय झोपेला द्यावे असे मला वाटते.

येथे क्लासच्या नावाने बोटे मोडून मला हा लेख संपवता आला असता. पण एक गोष्ट राहते. रविवारी पहाटे साडेतीनला तिला उठवणाऱ्यांची यादी मी मनाशी केली, तेव्हा त्यांत सूर्य आणि कमळ घेऊन मीही उभा होतो. अक्काही होती, देवपूजा आटोपली की सात वाजता मुलीचा आवाज ऐकल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. दाजी दुकान उघडण्याच्या आधी फोन करीत. आजी दुपारी, मावशी रात्री. आम्ही तिला दूर देशी पाठवली होती, पण आमच्या घड्याळातून सोडली नव्हती. क्लास तरी पैसे देत होता. आम्ही प्रेमाने उठवीत होतो, आणि प्रेमाने उठवणाऱ्याला कुणी नको म्हणत नाही.

अक्काने त्यावर आपल्या पद्धतीने उपाय काढला. गंजगोलाईतून दोनशे रुपयांचे एक भिंतीवरचे घड्याळ आणले आणि स्वयंपाकघरात, आपल्या घड्याळाच्या शेजारी, जर्मनीची वेळ लावून टांगले. मला वाटले, लेकीच्या आठवणीसाठी असेल. तसे म्हणालोही. अक्का म्हणाली, "आठवणीला घड्याळ कशाला लागतंय? फोन कधी करायचा नाही ते कळावं म्हणून टांगलंय." वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तिकडचे लोक घड्याळ तासभर पुढे-मागे करतात, हे तिने कॅलेंडरवर लिहून ठेवले आहे. त्या दिवशी ती स्टुलावर चढते. आमच्या साऱ्या खानदानात घंटा वाजवणारे म्हणून मी प्रसिद्ध. पण घंटा बसवली ती अक्काने.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी भाचीकडून एक फोटो आला. फोटोत कारंजे, त्यावर लोखंडी वेलबुट्टीची कमान, आणि कमानीखाली हंसवाली मुलगी. कोपऱ्यात भाचीचे अर्धे तोंड आणि वाऱ्याने उडालेले केस. खाली लिहिले होते: "बघितली मामा. आज दुकानं बंद, पुस्तकंही बंद."

सुट्टीमुळे मी तेव्हा लातूरलाच होतो. फोटो अक्काला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले.

"ही कोण? राणी म्हणायची का कुणी?"

"राणी नाही. हंस राखणारी पोर आहे."

"म्हणजे कामावरचीच की."

"कामावरचीच. त्या विद्यापीठात कुणी डॉक्टरेट झालं की मित्रमंडळी त्याला वाजतगाजत इथे आणतात. मग तो वर चढतो, तिला फुलं देतो आणि तिच्या गालाचा मुका घेतो. तशी रीतच आहे तिथं."

"एवढे शिकलेले लोक?"

"एवढे शिकलेले लोक."

अक्का काही बोलली नाही. फोटो तिने दाजींना दाखवला, मग शेजारच्या काकूंना. काकूंनी विचारले, "लेक काय करायलीय म्हणे तिकडं सध्या?"

मी कान टवकारले.

"शिकायलीय," अक्का म्हणाली, "अन् खानावळीत ताटं लावायलीय." आणि मग भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळाकडे पाहून म्हणाली, "आता नका लावू फोन. जेवायची वेळ आहे तिची."